चिंचेमागची जागा

आमच्या घरात शपथ घ्यायला बंदी होती. देवाची नाही, आईची नाही, अन्नाची नाही, कसलीच नाही. शाळेत मुली खेळताना भांडण झालं की गळ्याची कातडी चिमटीत धरून 'आईशप्पथ' म्हणत आणि भांडण तिथेच मिटे. मी म्हणत नसे.

"माले शिवलंच नाही," मी अर्ध्या त्यांच्या, अर्ध्या आमच्या भाषेत सांगे.

"मंग घे ना आईनी शपथ!"

"आमच्यात घेत नाहीत."

"व्वा! म्हणजे तू बाद शेस!"

असं करत मी जवळजवळ प्रत्येक डावात बाद होत असे. घरी येऊन रडले की बाबा रंधा थांबवून म्हणत, "तू खरं बोललीस ना? मग झालं." माय चुलीपुढून म्हणे, "झालं काय? पोर रोज रडत येस." बाबांच्या दृष्टीने ते झालेलंच असे.

बाबा सुतार. मिशनच्या सुतारशाळेत शिकलेले. शहाद्यापासून काही कोसांवर, तापीकडच्या आमच्या गावात त्यांनी गाड्या, नांगर, चौकटी करण्याचं काम मांडलं. गावात ख्रिस्ती घरं तीनच. प्रार्थनेला पाळक महिन्यातून एकदा सायकलवर येत आणि येताना पत्रकांचा गठ्ठा आणत. दारू, हुंडा, बालविवाह, खोटी मापं, रागीट नवरा, चुगलखोर शेजारीण. ज्याच्यावर पत्रक नाही असं पाप आमच्या भागात नव्हतं. बाबा बाजाराच्या दिवशी ती वाटत. लोक हसतमुखाने घेत आणि भुईमुगाच्या शेंगावाल्याला नेऊन देत. तो त्यात शेंगा बांधून परत त्यांनाच विकी. मी अक्षर शिकले ते या पत्रकांवर. आमच्या घरात बाबा आणि मी पत्रकांची मराठी बोलत असू, आणि माय, कोरीट गावची लेक, सरळ अहिराणी बोले. तिला 'आई' म्हटलेलं चालत नसे. "मी काय पुस्तकमानी शे का?" ती विचारी.

बाबा मात्र पत्रकं नुसती वाटत नसत, ती जगत. लाकूड उरलं तर खुंटी करण्याएवढा तुकडाही मालकाला परत. कळसाडीच्या एका शेतकऱ्याच्या गाडीच्या चाकाचा आरा ओल्या लाकडाचा बसला, तर त्याला कळण्याआधी हेच चालत जाऊन सांगून आले. रविवारी काम नाही म्हणजे नाही, मग पेरणी असो की काही. गावातले एक मोठे बागायतदार होते. जातीचे गुजर, केळी आणि ऊस करणारे. सगळं गाव त्यांना नाना म्हणे. मोडका नांगर घेऊन ते एकदा रविवारीच आले.

"मिस्तरी, तुम्हना देव रविवारे झोपस का काय?"

"देव झोपत नाही नाना. मिस्तरी झोपतो."

नाना हसत हसत नांगर तिथेच टाकून गेले. सोमवारी दिवस उगवायच्या आत नांगर तयार होता. गाव थट्टा करी, पण सागाचं लाकूड न मोजता आमच्या दारात टाकून जाई. हे मी मुद्दाम सांगते आहे. गावाने बाबांवर विश्वास ठेवला नाही असं कोणी म्हणू नये. ठेवला होता. एक ठिकाण सोडून सगळीकडे.

आता मायच्या जागेबद्दल.

माझ्या आधी मायला दोन मुलं झाली होती, दोन्ही अंगावर पीत असतानाच गेली. आमच्या भागात इतकी लहान मुलं सगळेच पुरतात. हिंदू असो, भिल्ल असो, तान्ह्याला कोणी चितेवर ठेवत नाही. नाल्याच्या काठावर एक चिंच होती, तिच्या मागे सगळ्या गावाची तान्ही मुलं. बाबांनी दोघांनाही तिथे ठेवलं, वर दोन दगड लावले. तेव्हा कोणी काही म्हणालं नाही, म्हणण्यासारखं काही नव्हतंच. अडचण मोठ्या माणसांची. गाव जाळतं, आम्ही पुरतो. कापूस पिंजणाऱ्या मुसलमान पिंजाऱ्यांची चार घरं होती, त्यांचं स्वतःचं कबरस्तान होतं. आमच्यातलं कोणी गेलं तर बैलगाडीत घालून तालुक्याच्या गावी मिशनच्या कंपाऊंडात न्यावं लागे.

मायला छातीचं दुखणं होतं. मिशनच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी बाबांना बाजूला घेऊन सांगितलं ते मायने भिंतीआडून ऐकलं. परत येताना गाडीत ती म्हणाली, "माले त्या कंपाऊंडमा नका लई जाज्यात. तठे मी कोणले ओळखस? मन्हा दोन्ही पोरं चिंचनामांगे शेतस. माले तठेच ऱ्हावानं शे."

बाबा म्हणाले, "बघू." बाबा 'बघू' क्वचितच म्हणत. ज्याचं उत्तर होय किंवा नाही देता येत नाही, असे प्रश्न त्यांना फारसे पडत नसत.

त्याच सुमारास ग्रामपंचायतीची निवडणूक आली. महाराष्ट्राचं राज्य नवं होतं, पंचायतीला नवे अधिकार मिळाले होते, लोकांना त्याचं मोठं अप्रूप. आमच्या वॉर्डात आमची तीन घरं आणि भिल्ल मजुरांची वस्ती. तिथून बाबा बिनविरोध निवडून आले. गावातल्या दोन्ही पक्षांना वाटलं, मिस्तरी निरुपद्रवी आहे. सरपंच मात्र निवडलेल्या पंचांनी आपल्यातून ठरवायचा होता. एका बाजूला नाना. दुसऱ्या बाजूला जुन्या पाटलांचा पुतण्या, तोही पंच होता. बाबांचं मन आधीच ठरलं होतं. उन्हाळ्यात नानांनी आपल्या विहिरीवर भिल्ल बायकांना पाणी भरू दिलं होतं, पाटलांच्या पुतण्याने आपल्या विहिरीवर राखण बसवली होती. बाबांना तेवढं पुरे होतं. जेवताना त्यांनी ते आम्हाला सांगितलंही. म्हणून मला माहीत आहे.

नाना आमच्या ओट्यावर आले तेव्हा जागेचा विषय त्यांनीच काढला. मायच्या आजाराचं त्यांना कळलं होतं.

"मी सरपंच व्हयनू ते पहिला ठराव तुम्हना जागाना. चिंचना मांगे, नालानं कडे. तठे कोणी पेरत बी नही."

माय आत भाकरी थापत होती. थापण्याचा आवाज थांबला.

बाबा म्हणाले, "नाना, मत तुम्हालाच द्यायचं मी आधीच ठरवलंय. जागेसाठी देतोय असं समजू नका."

"समजाले काय? मत द्या म्हणजे झालं!" नाना मोठ्याने हसले. सगळं इतकं सोपं होतं.

मतदानाच्या आदल्या दिवशी नानांनी आपल्या बाजूच्या पंचांना मारुतीच्या देवळात नेलं आणि प्रत्येकाने बेलभंडार उचलला. बेलाचं पान आणि भंडारा तळहातावर घेऊन माणसाने शब्द दिला की तो मोडत नाही, असा आमच्याकडचा रिवाज. मोडला तर वंश बुडतो म्हणतात. बाबांना देवळात बोलावलं नव्हतं. नानांना रीतभात कळत होती. तिथून ते थेट आमच्याकडे आले, बरोबर त्यांचा भाचा आणि आणखी दोघे. पायातल्या वहाणा त्यांनी ओट्याखाली काढल्या. एरवी ते त्या कधी काढत नसत.

"मिस्तरी, बठ्ठासनी बेलभंडार उचली लिना. तुम्हले ते चालत नही, आम्हले मालूम शे. तुम्हनी पोथी काढा. तिच्यावर हात ठेवा, झालं."

बाबांनी हातातली पटाशी खाली ठेवली. "नाना, मी शब्द दिलाय."

"दिना ना! मी कुठे नही म्हणस? तोच शब्द पोथीवर हात ठेईसन द्या."

"आमच्यात शपथ घेत नाहीत. त्याच पोथीत शपथ वाहू नका असं लिहिलंय. शपथेशिवायचा शब्द आणि शपथेचा शब्द असे दोन शब्द माझ्याकडे नाहीत."

हे वाक्य पत्रकातलं नव्हतं, त्यांचं स्वतःचं होतं. मी तेव्हा सातवीत, फायनलच्या वर्गात होते आणि मला वाटलं, आता हे लोक थक्क होतील.

नानांचा भाचा म्हणाला, "शब्द ते सोंगाड्या बी देस."

"गप रे," नाना त्याला म्हणाले. मग बाबांना, अगदी समजुतीने, "मिस्तरी, हात ठेवाले काय व्हस? ज्याना पोटमा काही नही, त्याले शपतना धाक कसाले?"

तेवढ्यात माय आतून आली. पदराने हात पुसलेले, आणि हातात आमचं पवित्र शास्त्र, पेटीतून काढलेलं, वरचं फडकं न सोडता. तिने पाट मांडला, त्यावर ते ठेवलं आणि फडकं सोडलं. दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली, कारण तिला तेवढं चालूनही धाप लागली होती.

सगळे बाबांकडे बघत होते. मीही. त्यांचे हात मांडीवर होते, लाकडाच्या भुशाने भरलेले. उजव्या हाताची बोटं जराशी हलली. मग त्यांनी दोन्ही हातांनी फडकं परत गुंडाळलं आणि शास्त्र उचलून मायकडे दिलं.

"उद्या मत तुम्हालाच पडेल, नाना," ते म्हणाले.

नाना उठले. वहाणा घालता घालता म्हणाले, "पडी ते दिखीच." त्यांच्या आवाजात राग नव्हता. एखाद्याच्या घरी सुतक आहे हे उशिरा कळावं तसा तो आवाज होता.

शाळेत मतदान झालं. तालुक्याहून अधिकारी आले होते. सगळ्यांना वाटलं होतं हात वर करून होईल, पण पाटलांच्या पुतण्याकडच्या एकाने चिठ्ठ्यांची मागणी केली आणि अधिकाऱ्यांनी ती मान्य केली. आम्ही मुलं व्हरांड्याच्या खांबांशी उभी होतो. अधिकारी म्हणाले, चिठ्ठी कोणी कोणाला दाखवायची नाही. बाबा खिडकीकडे तोंड करून बसले, खूण केली आणि चिठ्ठीची चौपदरी घडी घातली, जशी ते सगळ्याच कागदांची घालत. नानांचा भाचा खिडकीबाहेरून मान लांब करून बघत होता. बाबांनी हाताचा आडोसा केला. नियम होता.

नाना एका मताने पडले.

कोणीतरी बेलभंडार उचलून फुटलं होतं. आजही गावात कोणालाच ते कोण हे माहीत नाही, आणि कोणी शोधलंही नाही. शोधायचं कारणच नव्हतं. ज्यांनी देवळात शपथ घेतली ते सगळे सुटले. ज्याने घेतली नाही तो एकच होता. शाळेच्या आवारातून बाहेर पडताना लोकांनी बाबांसाठी वाट मोकळी केली, जरा जास्तच मोकळी.

मला वाटतं, शपथ हे खोटं बोलणाऱ्यांनी एकमेकांकडे ठेवलेलं तारण आहे. ज्याला खोटं बोलायचं नाही त्याच्याकडे तारण ठेवायला काही नसतं, म्हणून त्याला कोणी उभं करत नाही. हे मी पुढे एका ख्रिस्ती तरुण संघाच्या सभेत जोरात बोलले आणि टाळ्या मिळाल्या. त्या दिवशी आवारात मात्र माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. काय सांगणार होते? 'बाबांनी नानांनाच मत दिलं.' 'तू पाह्यं का?' 'नाही, पण बाबा खोटं बोलत नाहीत.' 'घे मंग शपथ.'

घराकडे येताना म्हातारा पिंजारी भेटला. त्याच्या धनुकलीचा दांडा बाबांनीच बसवून दिला होता. तो बाबांचा हात धरून म्हणाला, "मिस्तरी, किताब पे हाथ रखनेकू कितना टाइम लगता था? अल्ला क्या, तुम्हारा देव क्या, इतनी सी बात माफ नई करता?"

बाबा म्हणाले, "माफ करतो चाचा."

"फिर?"

बाबांनी हात हळूच सोडवून घेतला. पिंजारी मान हलवत गेला.

पण जागा तेव्हा खरं म्हणजे गेलेली नव्हती. हे मला पुढच्या आठवड्यात कळलं.

नवा सरपंच, पाटलांचा पुतण्या, स्वतः आमच्याकडे आला. दुपारची वेळ. बाबा एका चौकटीला सांध्याची खाच पाडत होते, माय आत बाजेवर पडली होती, मी तिच्याजवळ. त्याने बाबांच्या खांद्यावर हात ठेवला.

"मिस्तरी, तुम्हीन मोठं काम करं. गाव काही बी म्हणो, मी इसरत नही. ती चिंचनामांगेनी जागा तुम्हले पाहिजे ना? येत्या सभामा ठराव करी देस. बस?"

मायने माझं मनगट पकडलं. तिच्या बोटांत इतकी ताकद उरली असेल असं मला वाटलं नव्हतं.

मला ऐकू येत होतं ते फक्त मायचं श्वास ओढणं. मनात मी बोलत होते, गप्प राहा, बाबा, नुसते गप्प राहा.

"तुमचा गैरसमज झालाय," बाबा म्हणाले. "माझं मत तुम्हाला नव्हतं."

सरपंच आधी हसला. त्याला वाटलं मिस्तरी लाजतो आहे. "आते आपलामा काय चोरी? इथे कोण शे?"

"चोरी नाही. मी नानांना मत दिलं. ते मी त्यांना सांगितलं होतं, तसंच केलं."

आता तो हसायचा थांबला. खांद्यावरचा हात काढून त्याने भुसा झटकला. "गाव म्हणस तुम्हनं मत माले पडनं. तुम्ही म्हणतस नही पडनं. मंग मन्हा वर कसाना भार? जागा नानाकडेच मांगा." जाताना तो ओट्यावर थांबला आणि खरोखर कुतूहलाने म्हणाला, "पण मिस्तरी, नही बोलतात ते काय जातं तुम्हनं?"

तो गेल्यावर बाबा आत आले. मायने माझं मनगट सोडलं होतं. ती आढ्याकडे बघत म्हणाली, "खोटं बोलानं नव्हतं. नुसतं गप बसानं व्हतं."

"गप्प बसणं म्हणजे खोटंच झालं असतं गं."

"तुम्हले. माले जागा झाली असती."

एवढंच. पुन्हा तिने तो विषय काढला नाही, बाबांना टाकून बोलली नाही, जेवलात का विचारणं सगळं पूर्वीसारखं. भांडली असती तर बरं झालं असतं. मी भांडले. मी बाबांना म्हटलं की आपल्या मनाच्या स्वच्छतेची किंमत तुम्ही दुसऱ्याच्या अंगावर टाकता. म्हटलं की प्रीती सत्यापेक्षा मोठी असं तुम्हीच शिकवलंत. बाबा ऐकत राहिले आणि म्हणाले, "तू म्हणतेस ते खरं असेल. पण मला दुसरं काही बोलताच आलं नाही." तत्त्वासाठी ताठ उभा राहिलेला माणूस मी पत्रकांत शेकडो वेळा वाचला होता. हा माणूस ताठ नव्हता. बायको डोळ्यांसमोर झिजत होती आणि तिला हवी असलेली एकमेव गोष्ट त्याच्या हातून दोनदा गेली होती.

नानांकडे जागा मागायला बाबा गेले. नाना आता विरोधी पक्षात, त्यांच्या हातात काही नव्हतं. तरी बाबांनी विचारलं, सभेत तुम्ही विषय काढाल का? नानांनी चहा दिला, ऊस दिला आणि म्हणाले, "ज्यासले मत दिनं त्यासले सांगा ना मिस्तरी." बाबांनी पुन्हा सांगितलं. नाना "बरं, बरं" म्हणाले. सरपंचाला बाबांनी तोंडावर खरं सांगितलं हे नानांच्या कानावर गेलं असेल असं मला वाटलं होतं. गेलंही होतं. पण त्याचा अर्थ गावाने असा लावला की दोघांचं काहीतरी फिस्कटलं.

पाळक मायला भेटायला आले तेव्हा त्यांनी हे सगळं बाबांच्या तोंडून ऐकलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "भाऊ, हे छापायला हवं! सार्वजनिक जीवनात ख्रिस्ती माणसाने कसं वागावं, याचा असा दाखला मला कुठे मिळाला नाही. मुली, तुझी भाषा चांगली आहे, तू लिही. पुढे काय झालं?"

"अजून काही झालं नाही," मी म्हटलं.

"होईल. गावाला कळेल."

बाजेवरून माय म्हणाली, "लिखा ना, लिखा. पण जागा पहिले लिखा." पाळक हसले, त्यांना वाटलं ती विनोद करते आहे. मग त्यांनी प्रार्थना केली, चांगली लांब, आणि तिच्यात सत्य होतं, धीर होता, स्वर्गातली घरं होती. नाल्याकाठच्या दोन दगडांचा उल्लेख नव्हता. ते वाईट गृहस्थ नव्हते. सायकलवरून उन्हातान्हात येत, कोणी आजारी असेल तर वाट वाकडी करून जात. तरी त्या क्षणी मला त्यांची सायकल उचलून नाल्यात टाकावीशी वाटली.

मी लिहिलं नाही असं नाही. तीनदा लिहिलं. प्रत्येक वेळी शेवटाशी येऊन अडले, कारण पत्रकाला शेवट लागतो आणि आमच्याकडे मायचं दुखणं तेवढं वाढत होतं. बाबा बरोबर होते असं लिहिलं की मायचा आवाज ऐकू येई. माय बरोबर होती असं लिहिलं की बाबांचे भुशाने भरलेले हात दिसत, पाटावरचं शास्त्र परत गुंडाळताना. मी कडक मतांची मुलगी होते, आजही आहे. दारूवर, हुंड्यावर, देवळाच्या दाराशी थांबवल्या जाणाऱ्या माणसांवर मी एका बैठकीत चार पानं लिहू शकते. याच्यावर नाही.

माय थंडीत गेली, सकाळी, दूध तापत असताना.

बाबांनी पेटी स्वतः केली. भिल्ल वस्तीतले पुरुष येऊन शेजारी बसले, कोणी करवत धरली, कोणी खिळे दिले. दुपारी नाना आले. बरोबर त्यांची चांगली गाडी होती, लग्नाला काढत ती, आणि खिल्लारी जोडी. "तुम्हनी गाडी खडखड करस," ते म्हणाले. "वहिनीले तरास नको." आत पेंढा घालून वर नवं घोंगडं अंथरलेलं होतं. त्यांनी स्वतः पेटीला खांदा दिला. पिंजारी होता, सरपंचाने माणूस पाठवला होता. अख्खं गाव वेशीपर्यंत आलं. असं प्रेत आमच्या वस्तीतून कधी निघालं नव्हतं. आणि एवढी माणसं, एवढा मान, आणि तिला नेत होते गावाबाहेर.

वेशीवर गाडी थांबली. तिथून चिंच दिसते. नाना बाबांजवळ आले, हात जोडले आणि हळूच म्हणाले, "मिस्तरी, आते तरी सांगा. मी राग धरत नही, देवासमोर सांगस. कोणले दिनं व्हतं?"

"तुम्हालाच, नाना."

नानांनी बाबांच्या पाठीवर हात फिरवला, लहान मुलाच्या फिरवावा तसा. "ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "ऱ्हाऊ द्या आते." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. दुःखात माणूस काहीही धरून बसतो, त्याला बोलू नये, एवढं त्यांना कळत होतं. मी तोंड उघडलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी ते मिटलं. गाडीवानाने बैल हाकले.

तालुक्याच्या अलीकडे लोणखेड्यापाशी पोचेपर्यंत आम्ही दोघं चालतच होतो, कोणी गाडीत बसलं नाही. कंपाऊंडातल्या रांगेत जागा आधीच खणून ठेवलेली. एका बाजूला कोणी गुजरातेतून आलेली नर्स, दुसऱ्या बाजूचं नाव पुसलेलं. पाळक सत्याबद्दल बोलले. मी माती टाकली.

याला काही वर्षं झाली. मी आता बाहेरगावी शिकवते, सुट्टीत घरी जाते. सरपंच दोनदा बदलले. जागेचा ठराव कोणी आणला नाही, आणि आता मागायलाही कोणाला तोंड नाही, कारण जिच्यासाठी मागायची ती नाही. नाना अजून येतात. गेल्या मे महिन्यात नव्या गाडीचा साग घेऊन आले, न मोजता दारात टाकला. बाबा चाकाच्या मधल्या तुंब्याला आऱ्यांसाठी भोकं पाडत होते, नाना ओट्यावर बसून पावसाचं, उसाचं बोलत होते. दोघेही म्हातारे झाले आहेत, दोघांचं छान जमतं. मी चहा नेऊन दिला.

"पोर, तुन्ही माय गूळना चहा करे," नाना बशीत ओतत म्हणाले, "तसा कोणले जमत नही. कशी बाई व्हती!"

बाबांनी मान हलवली. मी चुलीपाशी परत आले आणि दुसरा चहा टाकला, कारण नाना एका कपावर कधीच उठत नाहीत.